कागद कुठे आहे?

फेब्रुवारी २०२० मध्ये मी एक मेसेज पुढे पाठवला होता. मान टाकलेल्या कोंबड्यांचे चार फोटो आणि खाली मजकूर: ब्रॉयलर कोंबडीतून करोना पसरतो आहे, चिकन खाऊ नका, आपल्या माणसांना वेळीच सावध करा. पाठवणारे माझ्याच शाळेतले निवृत्त सहशिक्षक होते. विज्ञान शिकवणारे, आयुष्यात कधी वावगं न बोललेले. मी तो मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला आणि वर सवयीनं दोन शब्द लिहिले, ‘आलं तसं’.

त्या ग्रुपमध्ये माझा मामेभाऊ आहे. गावाकडे त्याची पोल्ट्रीची शेड आहे. तो काही बोलला नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बाजार असा पडला की व्यापाऱ्याची गाडी माल उचलायला येईना. पक्षी वजनात येऊन गेलेले, आणि खाद्य तर रोज घालावंच लागतं. राज्यभर हेच चाललं होतं. कुणी रस्त्याकडेला मिळेल त्या भावात कोंबड्या विकत होतं, कुणी फुकट वाटून टाकत होतं, कुणी पिल्लं खड्ड्यात पुरत होतं. कोंबडीचा आणि या रोगाचा संबंध नाही असं पशुसंवर्धन विभागानं जाहीर केलं, पण तोवर मेसेज घराघरांत पोचून जुना झाला होता. मामेभाऊ त्या उन्हाळ्यात फोनवर एकदाच या विषयावर बोलला. “ताई, मी त्याच ग्रुपमध्ये होतो गं. मला विचारायचं होतंस.”

चौतीस वर्षं मी मुलांना ‘का’ आणि ‘कशावरून’ विचारायला शिकवलं. कोंबड्यांबद्दल खरं सांगू शकणारा माणूस माझ्या हातातल्या त्याच पडद्यावर, त्याच यादीत होता. मला विचारायचं सुचलंच नाही. डिजिटल साक्षरतेवर आजकाल भाषणं होतात, पोस्टर लागतात, त्या सगळ्यात ही न सुचण्याची गोष्ट कुठेच येत नाही, म्हणून हा लेख.

‘आलं तसं’ या दोन शब्दांकडे जरा थांबून बघू. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की मी फक्त टपालवाला, आतल्या मजकुराला मी जबाबदार नाही. वाचणारा मात्र तसं वाचत नाही. त्याला वर माझं नाव दिसतं. ताई शिक्षिका होती, तिनं पाठवलं म्हणजे काहीतरी असणार. माझ्या सहकाऱ्यांच्या नावाकडे बघून मीही हेच केलं होतं, आणि त्यांनी त्यांना पाठवणाऱ्याच्या नावाकडे बघून. अशी चांगल्या माणसांची साखळी तयार होते. प्रत्येक जण मागच्यावर विश्वास ठेवतो, आणि साखळीच्या पहिल्या टोकाला कोण आहे हे कुणालाच माहीत नसतं. खोटी माहिती वाईट माणसांमुळे पसरते, असं मानणं सोयीचं आहे. माझा अनुभव सांगतो की ती काळजी करणाऱ्यांच्या हातून जास्त वेगानं जाते.

काळजीचं किती भयंकर होऊ शकतं, हे महाराष्ट्रानं १ जुलै २०१८ ला पाहिलं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण गावात उतरले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या भागात आधीच पसरलेले होते. जमावानं त्या पाचही जणांना ठार मारलं. पिढ्यान् पिढ्या दारोदार फिरून पोट भरणारा हा समाज. गावोगावच्या लोकांना त्यांचा वेश, त्यांची भाषा ओळखीची असायची. फोनवरच्या अनोळखी मजकुरानं त्या जुन्या ओळखीवर एका दिवसात मात केली. त्याच रात्री मालेगावातही असाच जमाव जमला होता. तिथे पोलीस वेळेवर पोचले आणि लहान मूल सोबत असलेलं एक कुटुंब वाचलं.

त्या उन्हाळ्यात देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटरसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलांतून एकाला उचलतात आणि निघून जातात. बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हावं अशीच ती होती. मूळ चित्रफीत कराचीतली, मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं लोकजागृतीसाठी बनवलेली. शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि हातातला फलक उघडून दाखवतात. मूल उचलायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा, असा त्यावरचा आशय. भारतात फिरलेल्या चित्रफितीतून नेमका हा शेवट कापलेला होता. त्याच दिवसांत ओळीनं निजवलेल्या मृत मुलांचा एक फोटोही अवयव काढलेल्या मुलांचा म्हणून फिरत होता. तो सीरियातल्या २०१३ च्या रासायनिक हल्ल्यातला होता. फोटो खरा, मुलं खरी, मृत्यू खरे. फक्त खालची ओळ दुसऱ्याच कुणी लिहिलेली.

मराठी माणसाला यासाठी शब्द शोधावा लागत नाही. ध चा मा. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत ‘धरावे’ होतं, आनंदीबाईंनी त्याचं ‘मारावे’ केलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यावरून वाक्प्रचार झाला, नाटकांतून ती आली, वाड्यासमोर उभे राहून लोक ती मुलांना सांगतात. पण ती चिठ्ठी? तो खाडाखोड केलेला कागद आजवर कुणी समोर ठेवलेला नाही. खून झाला हे खरं, रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून राघोबादादांना दोषी ठरवलं हेही खरं. अक्षर बदलल्याची गोष्ट मात्र परंपरेनं आलेली आहे. ‘आलं तसं’ आपण ती अडीचशे वर्षं पुढे पाठवली आणि एका बाईला कागद न बघता कायमची दोषी धरली. मजकुरात फेरफार करण्याला आपल्या भाषेत जो शब्द आहे, तोच मुळात न तपासलेल्या मजकुरावर उभा आहे. वर्गात मी हा वाक्प्रचार कितीतरी वेळा फळ्यावर लिहिला असेल. तेव्हा हे मनात आलं नव्हतं.

‘कागद दाखवा’ असं म्हणणारी परंपराही आपल्याकडे आहे, आणि ती फार मोठ्या ताकदीची आहे. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. पानिपतच्या काळातली पत्रं त्यात आहेत. प्रस्तावनेत त्यांनी बखरींतली वर्णनं या समकालीन पत्रांशी ताडून पाहिली आणि बखरकारांच्या हातून माणसं, ठिकाणं, तारखा कशा इकडच्या तिकडे होतात ते दाखवून दिलं. बखर वाचायला रंगतदार असते, एका बैठकीत संपते, ऐकणाऱ्याच्या मनात घर करते. पत्रं रुक्ष. कुणाची रसद किती, कुठे मुक्काम, कुणी कुणाला कधी लिहिलं. पण त्या रुक्ष कागदाला तारीख असते, लिहिणारा असतो, आणि तो त्या वेळी तिथे हजर असतो. अस्सल आणि बनावट, समकालीन आणि मागाहून लिहिलेलं, डोळ्यांनी पाहिलेलं आणि ऐकीव, हे सगळे भेद मराठीत सव्वाशे वर्षांपूर्वी पक्के झालेले आहेत. मोबाइलवरच्या मजकुराला हेच शब्द लावायचे आहेत. नवी परिभाषा आयात करण्याची गरज मला तरी दिसत नाही.

इथे एक अडचण मात्र आहे, आणि ती लपवून पुढे जाणं बरोबर होणार नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या दोघांनी ४५ जणांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. त्यात २५ विद्यार्थी होते, १० पीएचडी झालेले इतिहासकार होते, आणि १० जण बातम्यांची सत्यता तपासण्याचं काम करणारे होते. त्यांना काही संकेतस्थळं दिली आणि विचारलं, यावर किती विश्वास ठेवाल? एका कामात मुलांच्या डॉक्टरांच्या दोन संघटना होत्या. एक १९३० पासूनची, हजारो सभासद असलेली. दुसरी २००२ मध्ये एका सामाजिक मतभेदावरून वेगळी झालेली, अगदी छोटी. नावं इतकी सारखी की वरवर फरक कळू नये. कागदपत्रांवर आयुष्य काढलेले इतिहासकारही इथे अडखळले. त्यांनी समोरचं पान मनापासून, वरपासून खालपर्यंत वाचलं. बोधचिन्ह रुबाबदार होतं, भाषा संयत होती, तळटिपा होत्या, पत्त्याच्या शेवटी ‘ऑर्ग’ होतं. सत्यता तपासणाऱ्यांनी मात्र ते पान जवळजवळ वाचलंच नाही. क्षणभर नजर टाकली, दुसरी खिडकी उघडली आणि या संघटनेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहिलं. थोड्याच वेळात त्यांना उलगडा झाला.

मला हे वाचून धक्का बसला होता. आम्ही शिक्षकांनी मुलांना हेच शिकवलं ना, की नीट वाचा, पूर्ण वाचा, दोनदा वाचा. पुस्तकासाठी तो सल्ला योग्यच आहे, कारण पुस्तक हातात येण्याआधी लेखक, संपादक, प्रकाशक, ग्रंथपाल अशा चार जणांनी त्याच्यावर नजर टाकलेली असते. पडद्यावरच्या पानाला असं कुणी असेलच याची खात्री नसते. ज्याला फसवायचं आहे तो तर पान नीटनेटकंच करणार. तेव्हा पानाच्या आत कितीही खोल गेलं तरी उत्तर तिथे नसतं. राजवाड्यांनी तरी काय केलं? बखर पुनःपुन्हा वाचून ती खरी की खोटी ते त्यांनी ठरवलं नाही. ते बखरीच्या बाहेर गेले, दुसऱ्या गावच्या दुसऱ्या माणसाचं पत्र शोधून आणलं आणि दोन्ही शेजारी ठेवले. कराचीच्या चित्रफितीतलं एक स्थिर चित्र घेऊन ते फोटोवरून शोध घेणाऱ्या गुगल लेन्ससारख्या सोयीत टाकणं, एखाद्या थोर माणसाच्या नावावरचं वाक्य त्याच्या नावासह शोधून पाहणं, ही तीच कृती आहे. एप्रिल २०२० मध्ये करोनानंतरच्या अर्थव्यवस्थेबद्दलचं एक वाक्य रतन टाटांच्या नावावर सगळीकडे फिरलं. हे मी म्हटलेलंही नाही आणि लिहिलेलंही नाही, असं टाटांनी स्वतः जाहीर केलं. तो खुलासा एका शोधात सापडत होता. पण वाक्य छान होतं, धीर देणारं होतं, त्यामुळे शोधावंसं कुणाला वाटलं नाही.

आता सरकारी पातळीवर काय चाललंय ते पाहू. आपल्याकडे डिजिटल साक्षरता म्हणजे यंत्र चालवता येणं, असाच अर्थ रूढ झाला. २००१ पासून एमएस-सीआयटीनं महाराष्ट्रात लाखो लोकांच्या मनातली संगणकाची भीती घालवली. ते काम मोठं आहे, माझ्या कित्येक विद्यार्थिनींना त्याच प्रमाणपत्रानं पहिली नोकरी मिळाली. २०१७ मध्ये पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आलं. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतली प्रत्येकी एक व्यक्ती, वीस तासांचं प्रशिक्षण. यंत्र चालू कसं करायचं, ईमेल कसा पाठवायचा, माहिती कशी शोधायची, पैसे कसे पाठवायचे. शोधल्यावर जे समोर येतं त्याचं काय करायचं, हा प्रश्न राहून गेला. पोहायला शिकवताना हातपाय मारायला शिकवले, पण पाण्याला ओढ असते ते सांगितलं नाही, तसं हे झालं.

मग एखादं व्याख्यान ठेवलं, पत्रक वाटलं, म्हणजे झालं का? याचं उत्तर बिहारमधून आलेलं आहे आणि ते गंभीरपणे घ्यायला हवं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रीनाथन या संशोधिकेनं तिथे १,२२४ लोकांवर प्रयोग केला. काहींच्या घरी जाऊन तासभर प्रशिक्षण दिलं. खोटी माहिती कशी ओळखायची, फोटोवरून त्याचं मूळ कसं शोधायचं, हे सगळं समोर बसून शिकवलं. नंतर तपासलं तर एकूण फरक जवळजवळ पडलेला नव्हता. पुढे त्याच बिहारमध्ये बद्रीनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा, खूप मोठा प्रयोग केला. १३ हजारांहून अधिक किशोरवयीन मुलं, गावातल्या वाचनालयांत वर्ग, आणि एक तास नव्हे तर आठवड्यामागून आठवडे, काही महिने. या वेळी फरक स्पष्ट दिसला, काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही टिकून होता. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की त्याचा परिणाम मुलांच्या आईवडिलांवरही झाला होता, जे वर्गाला आलेलेच नव्हते. केरळात कन्नूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी २०१८ मध्ये दीडशे सरकारी शाळांत असे वर्ग सुरू केले होते, तेही लसीकरणाविरुद्धच्या अफवांचा त्रास सोसल्यावर. म्हणजे हे काम होऊ शकतं. पण ते पाढ्यांसारखं आहे, रोज थोडं, वर्षभर. एका कार्यशाळेच्या उद्घाटनाचा फोटो काढून ते होणार नाही.

मुलांकडून आईवडिलांकडे ज्ञान जातं, हे वाचायला छान वाटतं. मराठी घरात ते कसं जाणार, हा खरा कस आहे. काकांनी सकाळी सहाला ग्रुपवर एक औषधी काढा टाकला, साखर कायमची जाते म्हणून. चोवीस वर्षांची पुतणी, फार्मसी शिकलेली, ते वाचते आणि गप्प बसते. तिला कळत नाही असं नाही. सगळ्यांसमोर काकांना खोटं पाडायचं कसं, हा तिचा प्रश्न आहे. तिनं लिहिलंच, “काका, हे खोटं आहे,” तर मग काढ्याचा विषय बाजूला राहतो आणि चर्चा तिच्या वळणावर येते. पुण्या-मुंबईत राहून पोरं शहाणी झाली. माझा मामेभाऊ २०२० मध्ये याच कारणानं गप्प बसला असणार. मी मोठी, आणि शिक्षिका.

म्हणून मला वाटतं, आपल्याला एक रीत पाडावी लागेल, ज्यात विचारणं हा अपमान ठरणार नाही. विवेकाच्या चळवळीनं महाराष्ट्रात हे एकदा करून दाखवलं आहे. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर गेली. तेव्हा मोबाइल जवळजवळ नव्हतेच, घरचे फोन आणि एसटीडी बूथ पुरले. दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं की पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध खेचलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळतं. इथे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते पुढची कित्येक वर्षं गावोगाव हेच सांगत होते, की तुमच्या श्रद्धेला हात लावत नाही, चला, आपण दोघं मिळून करून पाहू. ‘करून पाहू’ या दोन शब्दांत समोरच्याचा मान राहतो. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. त्यांची ती बोलण्याची पद्धत आपण घराघरांत नेली असती, तर काकांच्या काढ्यावर पुतणी सहज लिहू शकली असती, “काका, हे कुठल्या डॉक्टरांनी सांगितलंय? नाव मिळालं तर मी आमच्या सरांना विचारते.” आणि हे ग्रुपवर न लिहिता काकांना एकट्याला लिहिलं, तर दुरुस्ती करण्याची संधी काकांना मिळते. मोठ्या माणसाला ती द्यायलाच हवी.

तरुण मुलं यातून सुटलेली आहेत असं मुळीच समजू नका. ती मेसेजला हसतात आणि रीलवर विश्वास ठेवतात. टेलिग्रामवरच्या शेअरच्या टिपांत पैसे घालवलेली तीन मुलं मला माझ्याच आळीत माहीत आहेत, तिघंही पदवीधर. आता तर आवाज आणि चेहरा हुबेहूब बनवता येतो, आणि यंत्राला प्रश्न विचारला की ते अस्खलित मराठीत उत्तर देतं, बरोबर असो वा चूक, सारख्याच आत्मविश्वासानं. तिथेही प्रश्न तोच विचारायचा: हे कुठून आलं?

काही जण म्हणतात, हा सगळा भार सामान्य माणसावर का टाकता? कंपन्या नफा कमावतात, त्यांना धरा. हे म्हणणं मला पटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड केलेल्या मेसेजला तशी खूण यायला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा यायला जुलै २०१८ उजाडावं लागलं. तोवर देशात किती जीव गेले होते! खूप वेळा पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, हा नियम एप्रिल २०२० मध्ये आला. हे आधी करता आलं असतं. कुणी म्हणतात, मग सरकारनंच खरं-खोटं ठरवावं. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून सरकारी कामकाजाबद्दलची माहिती खोटी आहे की नाही हे सरकारी कक्षानं ठरवायची सोय केली होती. मुंबई उच्च न्यायालयानं ती २०२४ मध्ये रद्द केली, आणि मला ते योग्य वाटतं. ज्याच्या कारभाराबद्दल प्रश्न आहे, त्यानंच उत्तरपत्रिका तपासायची, हे कुठल्याच शिक्षकाला मान्य होणार नाही.

सरकारचं काम वेगळं आहे. अस्सल कागद लोकांच्या हाताशी ठेवणं. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी एक ओळ असते, की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे आणि त्याचा संकेतांक अमुक आहे. त्या लांबलचक संकेतांकाचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो संकेतस्थळावर टाकला की अस्सल निर्णय उघडतो, नाही उघडला तर शंका घ्यायला जागा आहे. इतकी चांगली सोय आपल्याकडे आहे आणि जीआरची वाट पाहत आयुष्य काढणाऱ्या किती जणांना ती माहीत आहे? ती दहावीच्या पुस्तकात हवी, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेली हवी. शिवाय कितीतरी कार्यालयं अजून कागद स्कॅन करून चढवतात. तो नुसता फोटो असतो, त्यातला शब्द शोधून सापडत नाही. मराठीत शोधणाऱ्याला अस्सल कागद न सापडता कुणीतरी त्यावर केलेली चित्रफीत आधी सापडते, त्याचं हे एक मोठं कारण आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा. इतक्या लोकांनी औषधाबद्दल, कायद्याबद्दल, पिकाबद्दल काही शोधलं तर भरवशाचं मराठी पान वर येतं का, हे एकदा स्वतः करून बघा.

जे चांगलं आहे ते दाखवणं हाही साक्षरतेचाच भाग आहे. नुसता संशय शिकवला तर माणूस कशावरच विश्वास ठेवेनासा होतो, आणि असा माणूस शेवटी जो सगळ्यात मोठ्यानं बोलतो त्याच्या मागे जातो. वाईला मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलं. आज तो कोश कुणालाही फुकट वाचता येतो. नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं. ही साधी गोष्ट मुलांना दाखवावी. इथे एक माणूस आपल्या नावानिशी उभा आहे, चूक निघाली तर त्याला विचारता येईल. आणि तुमच्या फोनवरच्या त्या मजकुराखाली कोण उभं आहे?

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे आणि अनुदानावर चालणारी ११-१२ हजार ग्रंथालयं आहेत. बहुतेकांची अवस्था मला माहीत आहे: गळकं छत, तुटपुंज्या पगारावर राबणारा ग्रंथपाल, दुपारी पेपर वाचायला येणारी चार-पाच माणसं. पण गावात अशी दुसरी जागा नाही जिथे माणसं अजून कागदावर विश्वास ठेवून येतात आणि जिथे कुणाला काही विकायचं नसतं. बिहारनं वर्ग वाचनालयांत घेतले ते उगाच नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक फोन, एक इंटरनेट जोडणी आणि ग्रंथपालाला थोडं प्रशिक्षण व त्याचा रास्त मोबदला, एवढ्यावर हे सुरू होऊ शकतं. विषय बाहेरून आणायचा नाही. लोकांच्या फोनवर त्या आठवड्यात जे आलं असेल तेच घ्यायचं.

आमच्या गावच्या वाचनालयात मी गेल्या दीड वर्षापासून शनिवारी संध्याकाळी बसते. कधी सात-आठ जण येतात, कधी एकही नाही. मागच्या महिन्यात सत्तरीच्या पुढचे एक आजोबा आले. त्यांच्या फोनवर शासन निर्णयाचा फोटो होता, ज्येष्ठ नागरिकांना दरमहा रक्कम मिळणार म्हणून, राजमुद्रेसकट. सोबत अर्जाची लिंक, त्यात आधार क्रमांक आणि बँकेचा खाते क्रमांक मागितलेला. मेसेज त्यांच्या नातवानं नाशिकहून मोठ्या हौसेनं पाठवला होता. आजोबांनी चष्मा पुसला आणि आम्ही दोघांनी मिळून संकेतांक वाचला. पहिले आठ आकडे लिहून काढले. तेरावा महिना निघाला. आजोबा ते आकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “बाई, पोरानं माझ्या काळजीनं पाठवलंय. त्याला आता काय लिहायचं?”

उत्तर लिहायला आम्हाला अर्धा तास लागला. आजोबा सांगत होते, मी टाइप करत होते. बाळा, तू आठवण ठेवलीस, बरं वाटलं. वाचनालयात बाईंसोबत बसून बघितलं. खाली आकडे आहेत ते तूपण मोज, आणि हे तुला कुणी पाठवलं त्यालाही मोजायला सांग. ‘खोटं’ हा शब्द त्यांनी मला एकदाही टाइप करू दिला नाही.